वर्षश्राद्धाच्या आत आजीची पुस्तिका

तेराव्याला घरात जितकी माणसं जमतात तितकी पुन्हा एका मांडवाखाली यायला एखादं लग्नच लागतं. म्हणून आजीच्या, आजोबांच्या किंवा थोरल्या आत्याच्या आठवणींची छोटी पुस्तिका करायची असेल तर सुरुवात त्याच दिवशी करावी. आठवणी मात्र त्या दिवशी गोळा करायला बसू नका. माणसं दमलेली असतात, पंगती उठत असतात, आणि कुणी बोलायला लागलंच तर पाचव्या वाक्याला कुणीतरी 'मीठ वाढलं का' विचारत मध्ये येतं. त्या दिवशी एक शंभर पानी वही घ्या आणि चार रकाने आखा: नाव, फोन, गाव, आणि चौथा, 'आजीला काय म्हणायचात?'

या चौथ्या रकान्यावर पुढचं बरंच काम उभं राहतं. एकच बाई कुणाची माई असते, कुणाची काकी, कुणाची वहिनी, तर माहेरच्यांची बेबी किंवा बायो. सहा महिन्यांनी मामेआजोबांचं रेकॉर्डिंग ऐकताना 'बायो विहिरीवर गेली' हे वाक्य कुणाबद्दल आहे हे कळायला हाच रकाना लागतो. शिवाय त्या पिढीत लग्नात पहिलं नावही बदलत असे. म्हणजे शाळेचा दाखला एका नावाने, रेशनकार्ड दुसऱ्या. कागद शोधताना दोन्ही नावं हाताशी नसली तर निम्मे कागद समोरून निघून जातात.

आता मुदत. वर्षश्राद्ध तिथीने येतं, म्हणजे इंग्रजी तारखेच्या साधारण 11 दिवस आधी. मध्ये अधिक महिना पडला तर उलट अठरा-एकोणीस दिवस नंतर. गुरुजींकडून तारीख आधीच काढून घ्या आणि तिथून मागे मोजा. छपाईला तीन आठवडे, मुद्रितं (प्रूफं) तपासायला दोन, टाइप करून जुळवायला तीन महिने. म्हणजे सातव्या महिन्याअखेर गोळा करणं थांबवायचं. हे 'थांबवणं' बहुतेकांना जमत नाही, आणि अर्ध्यावर राहिलेल्या पुस्तिकांचं ते सर्वांत मोठं कारण असतं. आकारही आधीच ठरवा: ए-5, 48 पानं, त्यात 32 मजकुराची आणि 16 फोटोंची. चौदा पॉइंटात एका पानावर सव्वादोनशेच्या आसपास शब्द बसतात, म्हणजे एकूण सात हजार शब्द. यापेक्षा जास्त कुणी वाचत नाही.

ग्रुपवर आवाहन टाकू नका

'आजीच्या आठवणी लिहून पाठवा' असा निरोप कुटुंबाच्या ग्रुपवर टाकला की हात जोडलेली चिन्हं येतात, चार 'भावपूर्ण श्रद्धांजली' येतात, आणि एक लांबलचक उतारा येतो ज्यात आजी प्रेमळ, कष्टाळू, सुगरण आणि देवभोळी असते. हा उतारा महाराष्ट्रातल्या कुठल्याही आजीला चालतो.

त्याऐवजी एका माणसाला एक प्रश्न, आणि तोही फोनवर. प्रश्न इतका अरुंद ठेवा की उत्तरात विशेषण शिरायला जागाच उरू नये:

- तिच्या कनवटीला किंवा बटव्यात काय काय असायचं?
- पैसे कुठे लपवायची? कुणाला माहीत होतं?
- चिडली की नेमके शब्द काय यायचे?
- ताप आला की पहिलं काय द्यायची?
- तिचा कुणाशी अबोला होता, आणि निरोप कोण पोचवायचं?
- सकाळी जाग येताना तिचा कुठला आवाज कानावर यायचा?
- तिला स्वतःला काय खायला आवडायचं?

शेवटचा प्रश्न सगळ्यांना विचाराच. बहुतेक घरांत इतरांच्या आवडीनिवडी पाठ असतात आणि हिची कुणालाच सांगता येत नाही, कारण ती सगळ्यांच्या मागून, उरलंसुरलं घेऊन बसायची. उत्तर आलं नाही तर तेही पुस्तिकेत छापण्यासारखं आहे.

'प्रेमळ होती' हे आलंच तर त्याला खोडून काढू नका, दोन प्रश्न मागे लावा: 'कशावरून?' आणि 'तेव्हा तू कुठे उभा होतास?' मग मिळतं ते असं: शाळेतून यायच्या वेळेला ती दह्यावरची साय वाटीत काढून ठेवायची, वाटीवर ताटली, आणि मांजराने ढकलू नये म्हणून ताटलीवर अडकित्ता. एवढं मिळालं की विशेषण गाळून टाका.

घराचा नकाशा

ज्यांना बोलायला सुचत नाही त्यांच्यासाठी यापेक्षा चांगला उपाय नाही. ए-4 कागद, पेन्सिल, वीस मिनिटं. लहानपणीचं घर वरून पाहिल्यासारखं काढायला सांगा. मापं चुकली तरी चालतील. पडवी, ओटी, माजघर, देवघर, परस, न्हाणीघर. चाळ असेल तर खोली, गॅलरी, नळ, जिना. मग चूल कुठे, उतरंड कुठे, फडताळ कुठे, आजीची बसायची जागा कुठली, कोण कुठे झोपायचं हे भरायला लावा. काढता काढता माणूस आपोआप बोलू लागतो, तेव्हा रेकॉर्डर चालू असायला हवा.

दोन भावंडांकडून हा नकाशा वेगवेगळा काढून घ्या, एकमेकांना न दाखवता. मग दोन्ही कागद शेजारी ठेवा. एकाच्या नकाशात कोनाडा आहे, दुसऱ्याच्या नाही. एकाला परसात पेरू आठवतो, दुसरी शपथेवर सांगते की रामफळ होतं. या वादातून जे निघतं ते सरळ मुलाखतीत निघत नाही. वाद मिटवायच्या भरीस पडू नका. दोन्ही नकाशे नावांसकट छापा.

रेकॉर्डिंग

फोनमधला साधा व्हॉइस रेकॉर्डर पुरतो. फोन एअरप्लेन मोडवर, बॅटरी निम्म्याच्या वर, आणि बोलणाऱ्यापासून दीड-दोन वितींवर, घडी घातलेल्या टॉवेलवर. टेबलावर नुसता ठेवला तर कप ठेवल्याचा प्रत्येक ठोका तोफेसारखा येतो. पंखा बंद, उकाडा असेल तर वीस मिनिटांनी थांबून पंखा लावा आणि पुन्हा बसा. स्वयंपाकाची वेळ टाळा, कुकरच्या शिट्टीखाली नेमकी कामाची वाक्यं दबतात. वामकुक्षी झाल्यावर चारच्या चहाची वेळ उत्तम. पाऊण तासाच्या वर बसवू नका. सुरुवातीला स्वतःच्या आवाजात तारीख, गाव आणि बोलणाऱ्याचं नाव सांगा. फाइलचं नाव बदललं तरी हे वाक्य टिकतं.

नवराबायको एकत्र बसले की बायकोला विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर नवरा देतो. त्यांना काहीतरी आणायला बाहेर पाठवा. दोघी बहिणी असतील तर आधी एकेकटीशी आणि मग दोघींशी एकत्र बोला. एकत्र बसल्यावर त्या एकमेकींना दुरुस्त करतात, पण नाजूक गोष्टी एकटीच असताना निघतात. उत्तर संपलं असं वाटलं की मनात दहापर्यंत मोजा. पुढचं वाक्य बहुधा त्या शांततेत येतं. मध्ये मध्ये 'हो ना, हो ना' करू नका, नुसती मान हलवा. रडू आलं तर रेकॉर्डर बंद करायचा का हे त्यांनाच विचारा.

परदेशातल्या भावंडांशी व्हिडिओ कॉलवर बोलताना दोन्ही बाजूंनी आपापल्या दुसऱ्या फोनवर रेकॉर्ड करा. कॉलमधून येणारा आवाज तुटतो, समोरच्याच्या खोलीतला तुटत नाही.

एका तासाचं रेकॉर्डिंग शब्दन् शब्द उतरवायला चार ते सहा तास लागतात, म्हणून सगळं उतरवू नका. ऐकताना वहीत मिनिटं टिपा, '12:40 – विहिरीचा रहाट' अशी, आणि कामाचे तुकडेच टाइप करा. फोनवरचं मराठी व्हॉइस टायपिंग मदतीला येतं, पण ते बोलीतला शब्द ओळखत नाही आणि त्याच्या जागी एखादा सभ्य शब्द बसवतं. 'कालवण', 'कोरड्यास', 'निस्त्याक', 'माडी', 'सपार' हे शब्द परत घालायचे असतात. क्रियापदं मात्र सगळीच्या सगळी 'व्हतं, गेल्ती' अशी लिहिली तर वाचणारा दुसऱ्या पानावर थकतो. आजीच्या तोंडची वाक्यं बोलीत ठेवा, सांगणाऱ्याचं निवेदन साध्या मराठीत.

साल कसं काढायचं

'तेव्हा मी लहान होते' याचं साल होत नाही. त्यापेक्षा 'पानशेतचं धरण फुटायच्या आधी की नंतर?' असं विचारा. पुण्याकडे 12 जुलै 1961 हा खुंटा. साताऱ्याकडे आणि कोकणात कोयनेचा भूकंप, 11 डिसेंबर 1967 ची पहाट. गोव्यात मुक्तीचा दिवस, 19 डिसेंबर 1961. मुंबईच्या गिरणगावात 18 जानेवारी 1982 ला सुरू झालेला गिरणी कामगारांचा संप. लातूर-धाराशिवकडे (तेव्हाचं उस्मानाबाद) किल्लारीचा भूकंप, 30 सप्टेंबर 1993, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतरची पहाट. बहात्तरचा दुष्काळ तर सुकडी आणि लाल मिलोची भाकरी आठवणाऱ्या प्रत्येकाला लागू पडतो. नवे पैसे आले ते 1 एप्रिल 1957 ला. बाजाराच्या हिशोबात कुणी आणे बोलत असेल तर घटना बहुधा त्याआधीची, पण जुनी माणसं 'चार आणे' नंतरही म्हणत राहिली, तेव्हा एवढ्यावर विसंबू नका. बायकांना आणखी एक खुंटा चालतो: 'तेव्हा कडेवर कोण होतं आणि पोटात कोण होतं?' यावरून निघालेलं साल फारसं चुकत नाही.

जुन्या पत्रिकेवर किंवा टिपणात शके असतो. चैत्र ते कार्तिकासाठी 78 मिळवा, माघ-फाल्गुनासाठी 79. शके 1861 चा वैशाख म्हणजे 1939, पण त्याच शके 1861 चा माघ म्हणजे 1940. मार्गशीर्षाची अखेर आणि पौष दोन्ही वर्षांत पाय टाकून असू शकतात, तिथे जुनं पंचांग बघावंच लागतं. दुसरी गफलत वाराची. आपल्याकडे दिवस सूर्योदयाला बदलतो. 'सोमवारी रात्री तीन वाजता झाली' असं सांगितलं असेल तर इंग्रजी हिशोबाने तो मंगळवार असतो.

आणि शाळेच्या दाखल्यावर 1 जून ही जन्मतारीख दिसली तर ती जन्मतारीख म्हणून छापू नका. जन्माची नोंद नसलेल्या पोरांना शाळेत घालताना गुरुजी वय बसेल असा 1 जून सर्रास लिहीत. 'दाखल्याप्रमाणे' हा एक शब्द पुढे घाला, म्हणजे झालं.

पत्रं सापडली तर पोस्टाच्या शिक्क्यावरची तारीख आतल्या मजकुराआधी टिपून घ्या. मृत्यूची बातमी देणारं कार्ड मात्र घरात शोधू नका. त्याचा कोपरा फाडलेला असे आणि वाचून झाल्यावर ते घरात ठेवायची पद्धत नव्हती, तिथल्या तिथे फाडून टाकत. पणजोबांच्या पिढीची टिपणं मोडी लिपीत असतील. घरातल्या कुणाला लागत नाहीत म्हणून रद्दीत घालू नका, मोडी वाचणारे आजही मिळतात. त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या नामावळीतही आडनाव आणि मूळ गाव सांगून घराण्याच्या नोंदी निघतात. फक्त त्यात बहुधा पुरुषांचीच ओळ सापडते, आजी सापडेलच असं नाही.

भांडी वाचा

आजीचं नाव कोरलेलं सापडतं ते माळ्यावरच्या भांड्यांवर. पितळेचा डबा, तांब्याचा घडा, स्टीलची परात, फुलपात्रं. जुन्या भांड्यांवर टिंबाटिंबांनी ठोकलेली अक्षरं असतात: कुणी दिलं, कुणाला दिलं, कशाप्रीत्यर्थ आणि तारीख. लग्न, मुंज, बारसं, डोहाळजेवण, सगळं यात असतं. एका घरात अशी वीस भांडी निघाली तर कुटुंबाचा निम्मा कालक्रम हातात येतो, आणि तोही पक्क्या तारखांचा.

वाचायच्या आधी भांडं चिंचेने घासू नका. घासून घासूनच ती टिंबं बुजलेली असतात. कोरड्या फडक्याने धूळ पुसा, चिमूटभर टाल्कम पावडर बोटाने अक्षरांवर चोळा आणि वरची पावडर फडक्याने हलकेच पुसून घ्या. टिंबांत पांढरं राहतं आणि नाव उठून दिसतं. तरी वाचता येईना तर खोलीत अंधार करा आणि टॉर्च भांड्याला जवळजवळ टेकवून आडवा धरा. प्रत्येक टिंबाची सावली पडते. फोटो काढताना फ्लॅश नको, स्टीलवर नुसता पांढरा गोळा येतो. खिडकीच्या बाजूच्या उजेडात काढा.

'सौ. सुमन हिस' असं नाव असेल आणि घरात सुमन कुणीच नसेल तर दोन शक्यता. एक, तेच आजीचं पहिलं नाव होतं. दोन, ते भांडं कुणाच्या तरी लग्नात आहेर म्हणून फिरून आलं, किंवा शेजारच्यांकडून कार्याला आणलेलं परत गेलंच नाही. चौकशी जपून करा.

फोटो

फोटो आधी जागच्या जागी वाचवायचे, मग स्कॅन करायचे. चिकट पानांच्या अल्बममधला फोटो कोपऱ्याला धरून ओढला की मधोमध मोडतो किंवा मागचा थर पानावर राहतो. दातांत घालायचा धागा, म्हणजे डेंटल फ्लॉस, फोटोच्या मागून करवतीसारखा हळू सरकवा. नाही निघाला तर अख्खं पानच स्कॅन करा. भिंतीवरच्या तसबिरीत दमटपणाने काचेला चिकटलेला फोटो तर मुळीच सोडवू नका, चेहऱ्याचा थर काचेवर जातो. काचेसकट फोटो काढायचा: तसबीर उंबऱ्याजवळ सावलीत ठेवा आणि स्वतःच्या मागे काळी चादर धरायला कुणाला तरी उभं करा, म्हणजे काचेत तुम्ही दिसत नाही. चंदन-कुंकू वरच्या काचेवर असतं, ते आधी ओल्या बोळ्याने पुसा, पण पाणी चौकटीत उतरू देऊ नका.

स्कॅनरवर घेताना मूळ आकार बघा. बॉक्स कॅमेऱ्याचे चौकोनी फोटो बहुधा 6 सेंटिमीटरचे असतात, त्यांना 600 डीपीआय (इंचाला 600 ठिपके) लावलं तर 12 सेंटिमीटरपर्यंत मोठे छापता येतात. पासपोर्ट आकाराच्या एकुलत्या एका फोटोला 1200 लावा. मोठ्या, पोस्टकार्डाएवढ्या फोटोला 300 ते 600 पुरे. जपून ठेवायची प्रत टिफमध्ये, पाठवायची जेपेगमध्ये. मागची बाजूही स्कॅन करा. स्टुडिओचा शिक्का, गाव, एखादी तारीख तिथेच असते. सत्तरच्या दशकातले रंगीत फोटो तांबूस झालेले असतात कारण त्यातला निळसर रंग आधी उडतो. संगणकावर ते थोडं सावरता येतं, पण आजीचं पातळ हिरवं होतं की निळं हे आधी विचारून घ्या.

नातेवाइकांकडून फोटो मागवताना व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा. फोटो म्हणून पाठवला की तो दाबून लहान होतो, पडद्यावर छान दिसतो आणि छापल्यावर रवाळ.

चेहरे ओळखायला फोटो ए-4 वर मोठा छापून घ्या, प्रत्येक डोक्यावर आकडा टाका आणि तो कागद घरोघर फिरवा. मूळ फोटोच्या मागे बॉलपेनने काही लिहू नका, रेघ पुढून उमटते. जुन्या कागदी फोटोवर मऊ पेन्सिल चालते. चकचकीत प्लास्टिकच्या कागदावर ती उमटत नाही, तिथे पाकिटावर लिहून फोटो आत ठेवा. आणि पाकिटांच्या डब्यात डांबराच्या गोळ्या टाकू नका, फोटोला तो वास आणि वाफ दोन्ही मानवत नाही.

आवाज आणि फोन

आजीकडे स्मार्टफोन असेल तर तो लगेच नातवाला वापरायला देऊ नका. 120 दिवस न वापरलेलं व्हॉट्सॲप खातं काढून टाकलं जातं. त्याआधी महत्त्वाच्या चॅट फोटो-आवाजासकट एक्सपोर्ट करून घ्या. तिचे आवाजी निरोप बहुतेक 'जेवलास का' आणि 'पोचल्यावर फोन कर' एवढेच असतात. ठेवा.

जुन्या कॅसेटवर जात्यावरच्या ओव्या, बारशाची गाणी, कुणाच्या मुंजीतला गोंगाट असेल तर वाजवायच्या आधी कॅसेटच्या खिडकीतून आतल्या टेपकडे बघा. पांढरी बुरशी दिसली तर वाजवू नका, प्लेअरचं हेड आणि टेप दोन्ही खराब होतात. स्वच्छ असेल तर एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या, म्हणजे वर्षानुवर्षं चिकटलेले वेढे सुटतात. मग हेडफोनच्या छिद्रातून वायरने संगणकात, ऑडॅसिटीसारख्या फुकट प्रोग्रॅममध्ये, 44.1 किलोहर्ट्झ वेव्ह फाइल करा. एकदा वाजवताना तुटली तर पुन्हा वाजणार नाही असं धरून पहिल्याच वेळी रेकॉर्ड चालू ठेवा.

अंदाजे मीठ

आजीची एक तरी पाककृती पुस्तिकेत हवीच असते, आणि ती दरवेळी फसते, कारण मापं 'अंदाजे'. माप हे तिच्या वाटीचं असतं. ती वाटी शोधा, काठोकाठ पाणी भरा आणि वजनकाट्यावर ठेवा. रिकाम्या वाटीचं वजन वजा केलं की जितके ग्रॅम पाणी तितके मिलिलिटर. आता 'दोन वाट्या' ला अर्थ आला. मुठीसाठी, ज्या आत्याने तिच्या हाताखाली स्वयंपाक शिकला तिला करायला लावा. तिने मूठ घ्यायच्या आधी डबा काट्यावर ठेवायचा, घेतल्यावर पुन्हा ठेवायचा. फरक तेवढी मूठ. आत्याला मोजू द्यायचं नाही, मोजायला लागली की तिचा हात आखडतो. धणे, खोबरं, तीळ, मिरच्या या पद्धतीने नीट उतरतात. हिंग घरच्या काट्यावर दिसतच नाही, तो चमच्याने लिहा. भाजण्याचा रंग शब्दांत सांगू नका, फोटो काढा: दगडफूल टाकतानाचा एक, खोबरं उतरवतानाचा एक.

जुळवणी आणि छपाई

मजकूर सालवार लावायचा मोह होतो. दोन पानांची सालावळ पुरते. बाकी जागांप्रमाणे लावा: माहेर, चूल, विहीर, देवघर, दवाखाना. एकाच प्रसंगाचे दोन पाठ आले तर दोन्ही नावानिशी ठेवा. जमिनीचे वाद, कुणाची दारू, मोडलेलं लग्न हे त्या जिवंत माणसाला वाचून दाखवल्याशिवाय छापू नका. नको म्हणाले तर गाळा. आजीबद्दलच्या अडचणीच्या गोष्टी मात्र सगळ्या धुऊन काढू नका. सुनेशी तिचं पटत नव्हतं हे सगळ्या घराला माहीत असतं, आणि सुनेचंही एक पान पुस्तिकेत असायला हवं.

मजकूर युनिकोडमध्ये टाइप करा. काही छापखाने अजून जुन्या फाँटवर काम करतात आणि रूपांतरात रफार, 'ऱ्य', 'ॲ' आणि जोडाक्षरं हमखास तुटतात. फाँट आत बसवलेला पीडीएफ द्या आणि कागदावरचं प्रूफ मागा. पडद्यावर बघून होकार देऊ नका. प्रूफमध्ये आधी नावं वाचा, मग तारखा, मग फोटोंखालच्या ओळी, मजकूर शेवटी. चुका याच क्रमाने लोकांच्या मनाला लागतात.

आतला कागद 90 किंवा 100 जीएसएम (चौरस मीटरला ग्रॅम) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा साधा पांढरा कागद, फोटोंची पानं 130 चा चकचकीत आर्ट पेपर, मुखपृष्ठ 300. सेंटर पिनच्या बांधणीत, म्हणजे मधल्या घडीवर पिना मारल्या तर, पानांची संख्या चारच्या पटीत लागते, आणि फोटोंची सोळा पानं एका गठ्ठ्याने मधोमध येतात. ती मजकुरात विखरायची असतील तर सगळाच कागद एक घ्या. कडेपर्यंत जाणाऱ्या फोटोला चहूबाजूंनी 3 मिलिमीटर जादा सोडा, नाहीतर कापताना पांढरी रेघ राहते. शंभराच्या आतल्या प्रतींना डिजिटल छपाई परवडते, तीनशेच्या वर ऑफसेट. टाइप 14 पॉइंटच्या खाली नको, पहिले वाचक सत्तरीतले असतात.

मुखपृष्ठावर हाराचा फोटो नको. परातीत हात घातलेला, डोळे मिचकावलेला, थोडा हललेला असला तरी चालेल.

शेवटी चार पानं कोरी सोडा. आणि वर्षश्राद्धाच्या दिवशी एक प्रत दोरीने पेन्सिल बांधून ओटीवर ठेवा, वर ठळक लिहा: 'दुरुस्तीची प्रत'. जेवणं व्हायच्या आत कळतं की पान 17 वरचा डावीकडून तिसरा मुलगा वसंता नसून त्याचा मावसभाऊ आहे, आणि परसात पेरू-रामफळ काही नव्हतं, आवळा होता. ते सगळं त्याच रात्री पीडीएफमध्ये घालून घ्या.